मागच्या सीटवरचा वास

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर जे गृहस्थ होते, त्यांना मी पहिल्या दिवसापासून पाव्हणं म्हणत आलो. तेही मला पाव्हणंच म्हणायचे. दारू सोडवायच्या त्या वॉर्डात कुणी कुणाचं नाव विचारायच्या मनःस्थितीत नसतं. बायकोनं आणि थोरल्या भावानं मला तिथं आणून सोडलं तेव्हा ते खाटेवर उकिडवे बसले होते, अंगावर घोंगडी, आणि दात वाजत होते. ऐन उन्हाळा होता. माझ्याकडं बघून म्हणाले, "या पाव्हणं, बसा."

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. गाव बिडकीनच्या बाजूचं. तिथली शेती भाऊ बघतो, मी बायको-मुलीला घेऊन सिडकोत राहतो. पाव्हणं शेंद्र्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. घरची मेंढरं धाकटा भाऊ राखायचा आणि ते स्वतः चिकलठाण्याला एका शेडमध्ये वेल्डिंगला जायचे. बाहेर आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. झाली असती तरी त्यांनी मला साहेब म्हटलं असतं आणि मी ते खुशाल ऐकून घेतलं असतं.

लोकांना वाटतं, त्या पहिल्या दिवसांत माणसाला दारूची तल्लफ येते. मला तसं आठवत नाही. तल्लफ हा त्यासाठी फार नाजूक शब्द आहे. अंगाला घाम सुटून चादर भिजायची, भिंतीवर नसलेल्या मुंग्या चालताना दिसायच्या. दारू हवी होती ती हे सगळं थांबावं म्हणून, ताप चढलेल्याला गोळी हवी असते तशी. चव, मजा, मैफल यातलं काहीच डोक्यात नव्हतं. चहाचा पेला हातात ठरायचा नाही. माझा पेला पाव्हणं धरायचे, त्यांचा मी, आणि दोघांचाही चहा चादरीवर जायचा. सिस्टर ओरडायच्या. आम्ही हसायचो, म्हणजे हसल्यासारखं तोंड करायचो.

हळूहळू हात थांबले. जेवण जायला लागलं. सुटी द्यायच्या दिवशी वॉर्डाच्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलणं सावकाश आणि स्पष्ट.

"आत्तापर्यंत शरीर मागत होतं," त्या म्हणाल्या. "ते आता गप्प बसेल. पण इच्छा संपली असं समजू नका. ती जागा बदलेल. मध्येच वाढल्यासारखीही वाटेल. तेव्हा घाबरायचं नाही आणि लपवायचं नाही. एकमेकांना फोन करायचा."

मी मान डोलावली. मला घरी जायची घाई झाली होती.

घरचा पहिला महिना इतका सोपा गेला की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. कंपनीच्या बसमधून उतरून घरी येताना कोपऱ्यावर दारूचं दुकान लागतं. लोखंडी जाळीच्या खिडकीपुढं संध्याकाळी ही गर्दी असते. मी त्या पाठमोऱ्या माणसांकडं बघत, पायाला घाई न करता पुढं जायचो. मनात म्हणायचो, बिचारे. खरंच असं म्हणायचो.

भूक लागायची ती फक्त गोडाची. जन्मात कधी पेढा मागून खाल्ला नव्हता, आणि आता बालूशाही, जिलबी, पेढे, काही म्हणजे काही पुरेना. घरी सांगायची लाज वाटायची. चाळिशी उलटलेल्या माणसानं पोरासारखं गोड खावं, हे बरं दिसत नाही असं वाटायचं. म्हणून पुडा जिन्याखाली लावलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवायचो आणि वर येण्याआधी तिथंच उभं राहून खायचो.

एकदा बायको डिकीतून पिशवी काढायला गेली आणि तिच्या हाताला पुडा लागला. वर येऊन ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पेढे? पेढे लपवताय तुम्ही?" मलाही हसू आलं. मग तिचं हसू एकदम थांबलं. पुडा तिच्या हातातच होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कडा आत मुडपलेल्या, वर रबर. क्वार्टर मी तशीच गुंडाळायचो आणि त्याच डिकीत ठेवायचो.

"गुंडाळायची पद्धत तीच आहे की," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पेढ्यांचा डबा टेबलावर मांडून ठेवला, उघड, सगळ्यांसाठी. मी त्यातला एकही खाल्ला नाही. जिन्याखालचे मात्र खात राहिलो. का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला पेढ्याइतकीच लपवण्याचीही गोडी लागली होती.

त्यानंतर, दारू सोडून साधारण तिसरा महिना असेल, इच्छेनं खरोखर जागा बदलली.

आमच्या वसाहतीच्या भागात बिअरचे कारखाने आहेत. वारा फिरला की उकडलेल्या जवाचा ओलसर, गोडूस वास पसरतो. इतकी वर्षं मी त्या वासातून ये-जा केली होती. रोज पीत होतो तेव्हासुद्धा त्याकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी बसची वाट बघत उभा होतो आणि तो वास आला. तोंडात एकदम इतकं पाणी सुटलं की गिळावं लागलं. कान तापले. शेजारचा सहकारी पगारवाढीबद्दल काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. असं वॉर्डातसुद्धा झालं नव्हतं. तिथं अंग तडफडत होतं. इथं अंग धडधाकट होतं, आणि आत कुणीतरी माझी गचांडी धरून मला एका दिशेला वळवत होतं.

बस आली, मी बसलो, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत झालं. घरी पोचेपर्यंत मला वाटायला लागलं की काही झालंच नव्हतं.

पण ते परत परत व्हायला लागलं. एरवी दिवसच्या दिवस दारूची आठवण यायची नाही. मग कुठंतरी सोड्याची बाटली फुटल्याचा आवाज, कुणाच्या हातात प्लास्टिकचा ग्लास चुरगळल्याचा आवाज, आणि इच्छा एकदम पूर्ण उंचीनं समोर उभी. पहिल्या महिन्यापेक्षा मोठी. ज्या दुकानापुढून मी आरामात चालत जायचो, तिथून आता मी रस्ता ओलांडून पलीकडनं जायला लागलो.

एका रविवारी मुलीनं मसाला शेंगदाण्याचा हट्ट धरला. बायकोनं कांदा बारीक चिरला, वर लिंबू पिळलं, कोथिंबीर टाकली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. तो वास आला, पिताना समोर असायच्या त्या चखण्याचाच. मी उठून आत गेलो आणि ओरडलो, "कांदा कशाला चिरलास? तुला काही कळतं का नाही?"

मुलगी बशी हातात धरून उभी होती. बायकोनं कांद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बशी मुलीच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली.

"बाबांना कांदा आवडत नाही का आता?" मुलीनं विचारलं.

"ॲसिडिटी होते त्यांना," बायको म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या ताटातून कच्चा कांदा गेला. मुलीला तो फार आवडायचा. तिनं परत कधी मागितला नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मला वाटत होतं, सगळ्यांची इच्छा दिवसेंदिवस कमी होत असणार, माझीच तेवढी वाढते आहे. म्हणजे माझ्यातच काहीतरी नासकं आहे. डॉक्टरबाईंचं बोलणं मी मान डोलावून तिथंच सोडून आलो होतो. वर लोक कौतुक करत होते. बिडकीनला भावाच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा भावानं भर मांडवात माझ्या पाठीवर थाप मारून पाव्हण्यारावळ्यांना सांगितलं, "आमच्या ह्यानं सोडली म्हंजी सोडली. मन लागतं त्याला, मन!" मी हसत होतो. मांडवाच्या मागं, जीपच्या आडोशाला कोण कोण उभं आहे आणि ते काय पितायत, हे मला आल्यापासून ठाऊक होतं. अर्धा कान तिकडंच होता.

दर गुरुवारी क्रांती चौकाच्या मागच्या एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. मी आणि पाव्हणं दोघंही जायचो. बैठक सुटली की चौकाजवळच्या गाड्यावर चहा. पाव्हण्यांनी फोनचा नियम मनापासून पाळला. आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन यायचा. "पाव्हणं, आज लई बोलावतंय. काय करू?"

मी सल्ले द्यायचो. पाणी प्या. वहिनींशी बोलत बसा. मेंढरांमागं एक चक्कर मारून या. माझा आवाज कंपनीत हाताखालच्या माणसांशी बोलतो तसा व्हायचा. ते शेवटी म्हणायचे, "बरं वाटलं तुमच्याशी बोलून. तुमी लई खंबीर हाय." मी फोन ठेवायचो. मी स्वतः त्यांना कधी फोन केला नाही. एकदाही नाही.

एका गुरुवारी चहा पिताना त्यांनी पेला मध्येच खाली ठेवला. मग म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू का? खरं सांगायचं."

"विचारा ना."

"मला वाटलं व्हतं, दिस जातील तसं कमी व्हईल. आमचं उलटं झालं. कामावर कुणी स्पिरिटनं हात पुसला तरी जीव तिकडं वडतोय. पयल्या महिन्यात असं नव्हतं. तुमाला बी होतं का असं?"

त्यांनी अगदी माझंच सांगितलं होतं. आदल्याच दिवशी मी रस्ता ओलांडून पलीकडनं गेलो होतो. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला आता काहीच होत नाही. सुरुवातीला व्हायचं थोडं. निर्धार पाहिजे हो, पाव्हणं."

त्यांनी मान खाली घातली. "व्हय," म्हणाले. "माझ्यातच खोट हाय मग."

मला ते वाक्य ऐकू आलं होतं. तरी मी गाड्यावाल्याला आणखी दोन चहा सांगितले आणि पावसाचं काहीतरी बोलायला लागलो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला नाही. गुरुवारी ते बैठकीला आले नाहीत. मला हायसं वाटलं, हे मी आज लिहितोय. त्यांना तोंड द्यायचं टळलं एवढंच डोक्यात आलं. फोन करून चौकशी करावी असं मनात येऊन गेलं, केला नाही.

रविवारी दुपारी जेवण करून पडलो होतो तेव्हा त्यांच्या नंबरवरून फोन आला. आवाज अनोळखी. "साब, ये चाचा इधर बैठे हैं, उठनेकू तयार नई. मोबाइल में आपकाच नंबर ऊपर है. आप आके लेके जाव." बारमधला वेटर होता. क्रांती चौकापासून जवळच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आत जाऊ नका. बाहेरूनच बोलवा." मी हो म्हणालो आणि स्कूटर काढली.

बाहेरून बोलवून ते येणार नव्हते. मी आत गेलो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना, पण वासानं सगळं दाखवलं. ओली टेबलं, लिंबू, तळलेले पापड, आणि त्याखाली तो मूळ वास. पाव्हणं कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीला डोकं टेकून बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी डोळे पुसले. "आलात व्हय? माफी करा पाव्हणं. तुमाला तोंड दाखवायची लायकी नाय माझी."

अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं, हे मला माहीत आहे. दया वाटावी, वाईट वाटावं, निदान राग यावा. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्यापुढं ग्लासात बोटभर उरलं होतं. माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडं नव्हतं, त्या ग्लासाकडं होतं. ह्यांचं होऊन गेलं, मला वाटलं. ह्यांना आता त्याच्याशी भांडावं लागत नाही. वेटरनं ग्लास उचलून नेला तेव्हा मी त्याच्या हातामागं दारापर्यंत बघत राहिलो.

वेटरनं आणि मी मिळून त्यांना स्कूटरवर बसवलं. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घेतले, त्यांच्याच उपरण्यानं पुढं सैलसर बांधले. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकली. त्यांचा श्वास माझ्या मानेवर, कानाखाली, गालावर येत होता. देशीचा, गरम, जड श्वास.

त्यांच्या वस्तीवर जायचा सरळ रस्ता म्हणजे जालना रोड. चिकलठाणा, मग शेंद्रा, मग आत वळायचं. त्याऐवजी मी उस्मानपुऱ्याकडून खाली जाऊन बायपासच्या लांबच्या रस्त्याला लागलो. स्वतःला कारण दिलं की जालना रोडवर सिग्नल फार, सारखं थांबावं लागेल, हे कलंडतील, पोलीस अडवतील. कारण पटण्यासारखं होतं. बायपासवर ट्रक धडाडत जातात आणि दारू प्यालेल्या माणसाला मागं बांधून त्या रस्त्यानं कुणी शहाणा जाणार नाही, तेही मला ठाऊक होतं.

मी हळू चालवत होतो. वेग वाढला की वारा तो श्वास मागं उडवून न्यायचा. म्हणून हळू. दोन-तीनदा मी मान किंचित उजवीकडं वळवली. पाव्हणं रडत होते, मध्येच म्हणत होते, "तुमच्यासारखं मन नाय मला, पाव्हणं, तुमच्यासारखं मन नाय." आणि मी मान वळवून त्यांचा प्रत्येक उच्छ्वास नाकात ओढत होतो. बायपास संपून परत जालना रोड लागला तेव्हा मला वाईट वाटलं. इतक्यात संपला, असं वाटलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. स्कूटरवर दोघं बघून आधी त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या तोंडासमोर तोंड आणून त्यांनी वास घेतला. "तुमी बी?"

"छे!" मी एकदम चिडून म्हणालो. "मी नाही प्यायलेलो." किती सात्त्विक संताप होता माझ्या आवाजात.

त्या ओशाळल्या. नवऱ्याला धरून त्यांनी आत नेऊन टाकलं, बाहेर येऊन मला पाणी दिलं आणि हात जोडले. "तुमी व्हता म्हणून घरला तरी आले. ते सारखे म्हणत्यात, आमचे पाव्हणं बघ, तेंला काय सुदिक व्हईना." मी तांब्या रिकामा करून परत दिला आणि निघालो.

घरी आल्यावर शर्ट बदलला, कपड्यांच्या बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला गेलो तर तो वरच होता. मी वाकलो, उजव्या खांद्याची बाजू हातात घेतली आणि नाकाला लावली. किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक. मागं वळलो तर दारात बायको.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. त्यावर रागही नव्हता. जुनं काहीतरी ओळखीचं परत आल्यासारखी ती दमलेली दिसली. "तोंड उघडा," ती म्हणाली. पूर्वी रोज संध्याकाळी म्हणायची तसंच.

"मी प्यायलो नाहीये."

"उघडा."

मी तोंड उघडलं. टूथपेस्टचा फेस, आणि मी आ करून उभा. मुलगी शाळेचे मोजे हातात घेऊन पॅसेजमध्ये थांबलेली. बायकोनं वास घेतला. काही नव्हतं. मग तिनं माझ्या हातातला शर्ट घेतला, त्याचा वास घेतला, आणि तिला उलगडेना.

"मग हा काय प्रकार आहे?" तिनं विचारलं.

मुलगी शाळेत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. बसस्टॉपवरचा जव, कांदा, दुकान, पाव्हण्यांना दिलेलं उत्तर, लांबचा रस्ता. प्यायलो असतो तर सांगणं सोपं गेलं असतं. ते तिला समजलं असतं, मलाही. हे सांगताना माझी जीभ अडखळत होती, आणि लांबच्या रस्त्याचं सांगताना मी तिच्याकडं बघू शकलो नाही. ती ओट्याला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना बायपासवरून नेलं? ते पडले असते तर?" कंपनीत फोन करून तिनं माझी रजा सांगितली आणि मला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली.

डॉक्टरबाईंना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यानंच मला जास्त लाज वाटली. "आपोआप येणारी इच्छा कमी होत जाते," त्या म्हणाल्या, "आणि त्याच काळात दारूशी जोडलेल्या गोष्टी दिसल्या, वास आला, की उठणारी इच्छा काही महिने उलट वाढते. पुष्कळांचं होतं असं. तुम्ही मागं गेलेला नाहीत. पुढं हीही उतरते."

"हे आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघंही समोर बसला होता."

त्यांनी एक गोळी सुरू केली. ती इच्छा मारत नाही, तिची धार थोडी कमी करते, असं त्यांनी समजावलं. निघताना बायकोनं विचारलं, "घरात कांदा चिरला तर चालेल का?" डॉक्टरबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगून चिरा."

पाव्हण्यांना घरच्यांनी त्याच आठवड्यात परत वॉर्डात दाखल केलं. मी भेटायला गेलो. पायांवर तीच घोंगडी होती, पण नजर स्थिर होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "पाव्हणं, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला बी होतं. तुम्ही विचारलं तेव्हाही होत होतं. तुमच्यापेक्षा जास्तच."

ते ऐकत होते. मी लांबच्या रस्त्याचंही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो.

शेजारच्या खाटेवरचा कुणीतरी कण्हत होता. मग पाव्हणं म्हणाले, "तवाच म्हणाला असता तर मी घरला गेलो असतो."

"हो."

"त्या दिशी चहा पिऊन मी सरळ वस्तीवर गेलोच नाय. रात व्हईस्तवर तिथंच फिरत राह्यलो. इचार करत व्हतो का आपण येकलेच असे." त्यांनी घोंगडी अंगावर ओढून घेतली. "जावा आता, पाव्हणं. मला झोपू द्या."

तेव्हापासून दोन-तीन वर्षं झाली. मी त्यानंतर प्यायलो नाही. पाव्हण्यांचंही तेव्हापासून बंद आहे. बैठकीला ते येतात, माझ्याशी चांगलं बोलतात. पण बोलावणं आलं की ते मला फोन करत नाहीत. बैठकीतला एक रिक्षावाला आहे, त्याला करतात. त्यानंच एकदा मला सहज सांगितलं. बरोबरच आहे ते. माझी पाळी आली की मी आता आठवड्यात काय झालं ते बोलतो, लहान असलं तरी बोलतो. सुरुवातीला माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही.

इच्छा आता कधीमधी येते. मोठी नसते, आणि बरेचदा मला दारू हवी आहे हेही लगेच कळत नाही. घरात कुणावर तरी उगाच चिडलेला असतो, किंवा संध्याकाळी कुठंच जायचं नसताना चप्पल घालतो, तेव्हा लक्षात येतं. एक गोष्ट मात्र डॉक्टरबाईंनाही मी सांगितलेली नाही. बायपासवरून कधी जावं लागलं की त्या वळणांवर मला अजून तो उजवा खांदा जाणवतो. आधी लाज येते आणि तिच्या मागोमाग, अगदी थोडी, ती ओढ येते. दोन्ही एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. लाज वाटायला लागली की मी आता सावध होतो.

गेल्या महिन्यात पाव्हण्यांच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला ते स्वतः घरी आले होते. "यायचं तर या," म्हणाले, "पाव्हणे-रावळे पिणार, तेंला मी आडवू शकत नाय. नाय आला तरी वाईट वाटून घेणार नाय."

मी आणि बायको गेलो. जेवणं झाली, आणि मेंढरांच्या वाड्याकडं पुरुष मंडळी जमायला लागली. हसण्याचे आवाज वाढले. मी पाव्हण्यांना शोधलं. नवरदेवाचा बाप म्हणून डोक्याला फेटा, सगळीकडून त्यांना हाका. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "पाव्हणं, मला होतंय आत्ता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फेट्याखालून घाम ओघळत होता. "व्हय," म्हणाले. "मला बी मगापासनं. चला."

आम्ही मांडवाच्या मागून निघालो आणि माळावर दूरच्या विहिरीपर्यंत चालत गेलो. वाटेत ते सुनेच्या माहेराबद्दल सांगत होते. जमीन कुठं आहे, किती भाऊ आहेत, पोरगी शिकलेली आहे. मी ऐकत होतो. विहिरीच्या कठड्यावर बसून त्यांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि डोकं खाजवलं. मागून कुणीतरी त्यांना मोठ्यानं हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.